बांधावरच्या फड्या निवडुंगाची बोंडं खायची असतात का? काटे कसे काढायचे?

माणदेशी_शिवार
नमस्कार मंडळी. आमचं रान म्हसवडपासून आत आहे, माण तालुका, सातारा जिल्हा. वरच्या बांधाला ओढ्याच्या कडेनं फड्या निवडुंगाची वई म्हणजे कुंपण आहे, चाळीसेक फूट लांब आणि पुरुषभर उंच, आजोबांच्या आधीपासूनची. आता शेततळ्याच्या कामाला जेसीबी येणारे तर भावाचं म्हणणं असं की त्याच भाड्यात ही वई पण उपटून टाकू, काट्यांचा नुसता ताप आहे, शेरडं अडकतात आणि बांधाची जागा पण मोकळी होईल. मला ते पटेना पण ठेवायची कशासाठी ते पण नीट सांगता येईना.

आजीला विचारलं तर ती वेगळंच सांगायला लागली. ती म्हणते लहानपणी आम्ही शेरडं राखताना ह्याची लाल बोंडं दिवसभर खायचो, ओठ आणि जीभ रंगलेली असायची आणि घरी आलं की आई ओरडायची. आणि बाहत्तरच्या दुष्काळात चारा संपला तेव्हा आजोबांनी ह्याच वईच्या फड्या तोडून जाळावर धरून काटे जाळून बैलांना घातल्या, सुकडी आणि मिलो माणसांसाठी यायची पण बैलाला काय घालणार, म्हणून. ती दोन्ही बैलं जगली असं ती अजून सांगते आणि सांगताना तिचे डोळे भरून येतात. तिच्यासमोर जेसीबीचा विषय काढायची आता माझी हिंमत होत नाही.

त्यात बहीण राजकोटला दिलेली आहे, ती मागच्या महिन्यात आली तेव्हा लाल रसाची बाटली घेऊन आली, तिकडं त्याला फिंडला म्हणतात, हिमोग्लोबिन वाढतं म्हणून माझ्या बायकोसाठी आणलीय, तिचं ९ च्या आसपास आहे. बाटलीवरचा फोटो बघितला तर हे आपल्याच बांधावरचं बोंड!

तर मला विचारायचंय की हे खरंच सगळ्यांना खायला चालतं का, विषारी वगैरे नाही ना, कारण निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो असं लहानपणापासून ऐकलंय. ते बारीक काटे कसे काढायचे, आजी आता ८१ वर्षांची आहे, तिला हातानं दाखवता येत नाही, नुसतं "गवतात घोळायचं" म्हणते. रक्त वाढतं हे खरं का? आणि काही फड्यांवर पांढरं कापसासारखं धरलंय, तो रोग आहे का, त्या फड्यांची बोंडं घ्यायची का? जाणकारांनी प्लीज सांगा, जेसीबी पुढच्या आठवड्यात येणारे.

---

कच्छची_सून
दादा, आधी वई वाचवा मग बाकीचं बोलू :) मी मूळची संगमनेरची, लग्न होऊन भुजला आले त्याला १४ वर्षं झाली. इकडे ह्या झाडाला हाथला थोर म्हणतात आणि फळाला फिंडला. थंडीच्या दिवसात रस्त्याच्या कडेला लोक टोपल्या घेऊन बसतात, आणि घरोघरी त्याचं सरबत करून बाटल्या भरून ठेवतात. मला पहिल्या वर्षी आश्चर्य वाटलं की माहेरी जे आपण कुंपणाचं म्हणून सोडून देतो ते इथे पैसे देऊन घेतात.

सासूबाईंनी शिकवलेली पद्धत सांगते. तोडायला कधीच हात लावायचा नाही, नुसत्या हातमोज्यांनी पण नाही, कारण कुसळं कापडात रुततात आणि मग मोजा घालताना दरवेळी टोचतात. लांब सांडशीनं बोंड धरायचं, जरा पिरगळायचं, पिकलेलं असेल तर लगेच निघतं. जे ओढावं लागतं ते कच्चं, ते सोडून द्या. रंग पूर्ण गडद किरमिजी झालेला हवा, अर्धं हिरवं असेल तर आंबट आणि तुरट लागतं.

मग गॅसवर किंवा चुलीवर सांडशीत धरून वांगं भाजतो तसं सगळीकडून फिरवायचं. फक्त वांग्यासारखं आत शिजवायचं नाही, कुसळं जळण्यापुरतंच, तडतड असा बारीक आवाज येतो आणि तो थांबला की झालं. वरच्या टोकाला जो खळगा असतो ना, जिथे फूल होतं तिथला, त्यात सगळ्यात जास्त कुसळं असतात, तो भाग ज्योतीवर नीट धरायचा आणि नंतर दोन्ही टोकं सुरीनं उडवूनच टाकायची. तरी एकदा पाण्याखाली जुन्या ब्रशनं घासून घ्यायचं. मग उभी चीर देऊन साल मागे ओढली की आतला गोळा सुटतो.

रस काढायला मिक्सर नको. मिक्सरमध्ये बिया फुटतात आणि रसात कचकच येते. हातानं किंवा रवीनं कुस्करायचं आणि आधी चाळणीतून मग पंचाच्या दुहेरी कापडातून गाळायचं, कापड अगदी महत्त्वाचं आहे कारण एखादं कुसळ राहिलंच असेल तर ते कापडात अडकतं. मी तर दोनदा गाळते, मुलं पिणार असतील तर तीनदा. त्यात साखर, लिंबू, जिरेपूड, चिमूटभर काळं मीठ. चव फार जोरकस नाही हं, जरा कलिंगडासारखी, जरा काकडीसारखी, लिंबानेच तिला उठाव येतो. रंग मात्र असा की बघत राहावं.

आजीला माझा नमस्कार सांगा.

---

रानवाटा_सर
मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. प्रश्न फार चांगला आणि वेळेवर विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी चिकाचं, कारण इथे चूक झाली तर महागात पडेल. आपण मराठीत "निवडुंग" हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या घराण्यांतल्या झाडांना वापरतो. तीन धारी किंवा पाच धारी दांड्याचा जो निवडुंग असतो, तसंच शेराचं झाड, ही सगळी एरंडाच्या घराण्यातली. त्यांना खरचटलं की पांढरं दूध गळतं, तो चीक त्वचेला फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर खरोखरच गंभीर इजा होते. तुम्ही लहानपणी ऐकलेलं खरं आहे, पण ते त्यांच्याबद्दल आहे. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, नागाच्या फड्यासारखे चपटे भाग एकावर एक, म्हणून फड्या. त्याची फडी कापली तर पांढरं दूध येत नाही, पारदर्शक बुळबुळीत पाणी येतं. ओळखायची खूण हीच ठेवा: पांढरा चीक आला की ते झाड खायचं नाही, हात धुवायचे आणि बाजूला व्हायचं. हे घरातल्या पोरांना पण झाडाजवळ नेऊन दाखवा.

आपल्याकडे रानात मुख्य दोन जाती दिसतात. एकीचे काटे पिवळे आणि फूल लिंबासारखं पिवळं, दुसरीचे काटे तपकिरी आणि फूल नारिंगीकडे झुकणारं. दोन्हींची पिकलेली बोंडं खाण्यालायक असतात, दोन्हींचा गर लाल. मूळ हे झाड आपलं नाही, मिरची, पेरू, सीताफळ जिकडून आलं त्याच अमेरिका खंडातलं. पण इतकं रुळलं की पुण्यात नाना पेठेतल्या विठोबाचं नावच निवडुंग्या विठोबा पडलं, मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी कथा आहे, आणि तुकोबांची पालखी पुण्यात त्याच देवळात मुक्कामाला असते.

आता पांढऱ्या कापसाचं. तो रोग किंवा बुरशी नाही, ती कीड आहे, कोचिनील नावाची. एक काडी घ्या आणि तो कापूस फडीवरच चिरडून बघा, रक्तासारखा लाल रंग निघेल. ह्याच कुळातल्या एका किड्यापासून किरमिजी रंग काढतात, अजूनही काही खाण्याच्या पदार्थांत तो ई १२० ह्या नावानं असतो. ह्या रंगापायी ईस्ट इंडिया कंपनी वेडी झाली होती. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी किडे पोसण्यासाठी निवडुंगाची बागच लावली होती. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या माणसानं ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले, पण ते रंगाचे खरे किडे नव्हते, त्यांच्या जवळची दुसरी जात निघाली. रंग फारसा मिळाला नाही, मात्र त्या किड्यांनी एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. आपल्याकडच्या काटेरी जातींना ती कीड लागत नव्हती, त्या वाढतच गेल्या, माळच्या माळ व्यापले. मग १९२६ मध्ये मुद्दाम निवडुंग मारण्यासाठीच श्रीलंकेतून दुसरी कोचिनील कीड दक्षिण भारतात आणली, आणि तिनं थोड्या वर्षांत प्रचंड क्षेत्र मोकळं केलं. तुमच्या आजींना विचारा, त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी "आधी खूप निवडुंग होता, मग कीड पडून गेला" असं काही ऐकलं असेल.

म्हणजे तुमच्या बांधावर आहे ती त्या सगळ्यातून उरलेली वई आहे. कापूस धरलेल्या फड्या कापून वाळवून जाळून टाका, बाकीच्यांवर पाण्याचा जोरात फवारा मारा, औषध मारू नका कारण फळं खायची आहेत. ज्या फडीवर कीड आहे तिच्यावरचं बोंड विषारी होत नाही, पण ते सुरकुतलेलं आणि बेचव असतं, नकोच.

एक इशारा जेसीबीबद्दल, हा कुणी सांगणार नाही. निवडुंग बकेटनं उपटला की फड्यांचे शेकडो तुकडे होतात आणि जमिनीला टेकलेला प्रत्येक तुकडा मूळ धरतो. तुमची वई ओढ्याच्या कडेला आहे. पहिल्याच मोठ्या पावसात ते तुकडे खाली वाहत जाऊन दहा जणांच्या रानात उगवतील. काढायचीच झाली तर हातानं कापून, एकही तुकडा न सोडता, उन्हात पालथा घालून पूर्ण वाळवून जाळावी लागते.

---

आळीव_आणि_आकडे
मी डाएटिशियन आहे, सोलापूरला. वहिनींच्या हिमोग्लोबिनबद्दल लिहिते कारण ह्या एका गोष्टीची मला रोज काळजी वाटते.

लाल रस म्हणजे लाल रक्त हा समज खूप खोलवर बसलाय, बीट, डाळिंब, आता हे फिंडला. पण निवडुंगाच्या बोंडाचा लाल रंग लोहाचा नाहीये, तो बिटाला जो रंग असतो त्याच गटातला आहे, बिटालेन म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या लागवडीच्या मोठ्या फळाचे आकडे बघितले तर १०० ग्रॅम गरात लोह फक्त ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. मॅग्नेशियम मात्र चांगलं, ८५ मिलिग्रॅम, फायबर साडेतीन ग्रॅमच्या वर आणि व्हिटॅमिन सी १४ मिलिग्रॅम. म्हणजे फळ म्हणून चांगलंच आहे, आनंदानं प्या, पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका. ९ हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया आहे, त्याचं कारण शोधायला पाहिजे, पाळीत जास्त रक्त जातंय का, जंत आहेत का, बी१२ कमी आहे का. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर बाटली आली म्हणून त्या बंद करायच्या नाहीत, मी असं करणाऱ्या बायका बघितल्यात, तीन महिने रस पितात आणि परत येतात तेव्हा ७ वर आलेल्या असतात. फार वाईट वाटतं.

रसाचा उपयोग करायचाच तर असा करा, जेवणाबरोबर घ्या आणि लिंबू भरपूर पिळा. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकी ह्यांच्यातलं लोह अंगाला लागायला व्हिटॅमिन सी मदत करतं. आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तो उलटं काम करतो. साखर घातलेली बाटली असेल तर डायबेटिसवाल्यांनी जपून.

अजून एक, रस जास्त प्यायला तर लघवी लालसर होऊ शकते, बीट खाल्ल्यावर काहींना होते तशीच. घाबरून जाऊ नका. पण रस न पिता लाल झाली तर मात्र लगेच दाखवा.

---

सॅन_अँटोनियोतून
अरे वा, हा धागा बघून राहवलं नाही. मी टेक्सासमध्ये असतो, इथे हेच झाड सगळीकडे आहे, १९९५ पासून ते टेक्सासचं स्टेट प्लांट आहे. आणि माणदेशी दादा, तुमच्या आजोबांनी केलं तेच इथले गुराखी पण दुष्काळात करत आलेत, गॅसचा मोठा बर्नर पाठीवर घेऊन झुडपावर ज्वाला मारतात, काटे जळाले की गायी मागेमागे येऊन खातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं, आज तुमची पोस्ट वाचून डोळ्यासमोर एकदम आपला दुष्काळ आला. फक्त एक लक्षात ठेवा, फडीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, नुसती तीच घातली तर गुरं पातळ हगतात, सोबत कडबा पाहिजेच.

पण मला सांगायचंय ते भाजीचं! फळाबद्दल सगळे बोलतात, फडी खातात हे आपल्याकडे माहीतच नाही. मेक्सिकन लोक कोवळ्या फडीला नोपाल म्हणतात आणि ती तिथली रोजची भाजी आहे, आपल्याकडे भेंडी गवार असते तशी. मेक्सिकोच्या झेंड्यावर जो गरुड साप धरून बसलाय तो निवडुंगावरच बसलाय, एवढं ते त्यांच्या मनात आहे. फळाला ते तूना म्हणतात, मी इथे नवीन आलो तेव्हा पाटी वाचून मासे समजून पुढे गेलो होतो.

इथे मेक्सिकन दुकानात काटे काढून ताज्या चिरलेल्या फड्या मिळतात. आम्ही घरी अशी करतो, लांब पातळ कापायच्या, कढईत तेल न घालता नुसतं मीठ टाकून मोठ्या आचेवर परतायच्या, आधी भेंडीपेक्षा जास्त तार सुटते पण हलवत राहायचं, दहा बारा मिनिटांत सगळं आटून जातं आणि हिरवा रंग जरा मळकट होतो. मग तेल मोहरी हिंग कांदा हिरवी मिरची, शेवटी शेंगदाण्याचा कूट. चव जराशी आंबट, कच्च्या कैरीची आठवण येते पण इतकी तीव्र नाही. मेक्सिकन शेजारीण त्यात अंडी फोडून घालते, ते पण मस्त लागतं. माझी आई इथे आली होती तेव्हा भाकरीबरोबर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच परत करायला घेतली.

रानातल्या काटेरी फडीची मी कधी केलेली नाही, इथली लागवडीची असते, तर त्याबद्दल सरांनी सांगावं.

---

रानवाटा_सर
चालते, पण अगदी कोवळी हवी, तळहाताएवढी. नवीन फडी फुटते तेव्हा तिच्यावर बारीक, मऊ, टोकदार हिरवी पानं असतात. ती झाडाची खरी पानं, आपण ज्याला पान समजतो ती फडी म्हणजे खोड. ती पानं गळायच्या आतच फडी घ्यायची, नंतर काटे कडक होतात आणि आत धागे धरतात. प्रत्येक ठिपका सुरीच्या टोकानं कोरून काढावा लागतो. रानटी जातीत हे काम फार, आणि ऑक्झलेट पण असतं, त्यामुळे पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी फडीची भाजी टाळावी.

आंबटपणाबद्दल एक गंमत सांगतो. हे झाड दिवसा तोंड मिटून बसतं, पाणी वाचवायला. हवा आत घ्यायचं काम रात्री करतं आणि ती आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. म्हणून पहाटे तोडलेली फडी चांगलीच आंबट लागते आणि तीच दुपारी तोडली तर आंबटपणा पुष्कळ उतरलेला असतो. एकाच झाडाच्या दोन फड्या, एक सकाळी सहाची आणि एक दुपारी दोनची, चाखून बघा. वर्गात मुलांना मी हे करून दाखवायचो, ते त्यांना पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहायचं.

चाऱ्यासाठी कुणाला लावायचा असेल तर बिनकाट्याचा निवडुंग वेगळा असतो, जोधपूरच्या काझरी ह्या कोरड्या प्रदेशांवरच्या सरकारी संशोधन संस्थेनं आणि आपल्याकडे उरुळी कांचनच्या बायफ संस्थेनं त्यावर काम केलेलं आहे. मात्र बिनकाट्याच्या फडीलाही थोडी कुसळं असू शकतात, हात जपूनच लावावा.

---

नीरेकाठची
कुसळांवरून लिहिते कारण आमच्याकडे झालंय. माझ्या पाच वर्षांच्या मुलानं मामाच्या गावी खेळताना बोंड उचलून थेट तोंडाला लावलं. मोठा काटा दिसतो पण ही कुसळं डोळ्याला दिसतच नाहीत, केसापेक्षा बारीक आणि टोकाला उलटे दात, त्यामुळे शिरतात सहज आणि निघत नाहीत. ओठ, जीभ, बोटं, सगळीकडे. मी घाबरून ओल्या फडक्यानं पुसलं, तीच चूक झाली, चोळल्यानं ती अजून आत गेली आणि पसरली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते असं, आधी चांगल्या उजेडात, भिंग असेल तर भिंग घेऊन, बारीक चिमट्यानं दिसतील तेवढी ओढायची. मग हातावर फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन त्यावर गॉज ठेवायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि एकदम सोलून काढायचं, उरलेली त्याच्यासोबत निघतात. नुसती चिकटपट्टी लावून फार निघत नाहीत. ओठाला आणि जिभेला फेव्हिकॉल लावायचं नाही अर्थात, तिथलं डॉक्टरांनीच चिमट्यानं काढलं. डोळ्यात गेल्याची शंका जरी आली तरी चोळायचं नाही आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

आणि बियांचं कुणी बोललं नाही. बिया कडक असतात, त्या चावत नाहीत आणि पचत पण नाहीत. दोनचार बोंडं ठीक पण पोरांनी पंधरा वीस बियांसकट गिळली तर पोट असं बांधून जातं की दवाखाना गाठावा लागतो. मुलांना रसच द्या.

---

माणदेशी_शिवार
सगळ्यांचे मनापासून आभार. काल केलं, सांगतो.

सकाळी आजीला बाजेवर बांधाजवळ नेऊन बसवलं. फडी कापून बघितली, पांढरा चीक नाही, पाणीच. काटे पिवळे आहेत. कापूस चिरडला तर सरांनी सांगितलं तसा लाल रंग निघाला, बोट बघून आजी म्हणाली की तिचा आजा सांगायचा सरकारनं किडा सोडला आणि माळ उजाड झाले. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं हो. सर, अंगावर काटा आला.

सांडशीनं २२ बोंडं काढली. आजीची पद्धत पण शेवटी कळली, वाळलेलं कुसळीचं गवत नाही, हिरवं हराळीचं गवत जमिनीवर जाड पसरायचं, त्यावर बोंड टाकून पायातल्या चपलेनं हळूहळू पुढं मागं लोळवायचं. हिरव्या गवतात कुसळं मोडून अडकतात. तिनं बाजेवरूनच चप्पल घालून दोन बोंडं लोळवून दाखवली. तरी मी नंतर चुलीवर भाजून घेतलीच, ताईंनी सांगितलं तसा तडतड आवाज थांबेपर्यंत. तिचं म्हणणं भाजल्यानं रानातली चव जाते. दोन्ही खाऊन बघितली, तिचं खरं आहे, नुसत्या गवतात घोळलेलं जास्त ताजं लागतं, पण पोरांना मी भाजूनच देणार.

रस जेमतेम दीड पेला निघाला, दोनदा गाळला. रंग बघून सगळी आळी गोळा झाली. एक शंका, मी थोडा रस टिकवायला म्हणून उकळला तर रंग गेला, विटकरी झाला, असं का? कोकमाचं सरबत उकळलं तर एवढं होत नाही.

बायकोला दहिवडीला डॉक्टरकडे नेतोय सोमवारी, सगळ्या तपासण्या करून घेतो, गोळ्या चालूच ठेवल्यात. आळीव ताई तुमचे खास आभार, बाटलीच्या भरवशावर ती गोळ्या सोडणारच होती.

---

कच्छची_सून
हो दादा, उकळायचा नाही, मी आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण गार करतात आणि मग त्यात रस आणि लिंबू घालतात, बाटली फ्रीजमध्ये. किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये रस गोठवून ठेवायचा आणि लागेल तसे दोन खडे पाण्यात टाकायचे, मे महिन्यापर्यंत रंग तसाच राहतो.

---

रानवाटा_सर
कोकमाचा रंग वेगळ्या गटातला आहे. त्यात खाण्याचा सोडा टाकलात तर तो लगेच निळा-हिरवा होतो. निवडुंगाचा आणि बिटाचा रंग आंबट-गोड कशातही तसाच टिकतो पण उष्णता त्याला सोसत नाही. लिंबू घालून गार ठेवला की बराच काळ राहील.

आणि आजींचं ते वाक्य कुठेतरी लिहून ठेवा, तारखेसकट. पुस्तकात १९२६ एवढंच असतं, माळ उजाड होताना बघितलेल्या माणसाचं बोलणं घरातून दोन पिढ्यांनी पुढे आलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे. शक्य असेल तर फोनवर त्यांचा आवाजच रेकॉर्ड करा.

---

माणदेशी_शिवार
आजच केलं सर, चाळीस मिनिटं बोलली, बैलांची नावं पण सांगितली, सर्जा आणि ढवळ्या.

भावाशी बोललो. तुकडे वाहून खाली जातील हे त्याला लगेच पटलं कारण ओढ्याच्या खाली त्याच्याच सासऱ्यांचं रान आहे. ओढ्याकडची वई ठेवायची ठरलं, फक्त शेरडांच्या वाटेवर आलेल्या आठ दहा फड्या मी हातानं काढून पोत्यात भरल्यात, वाळल्या की जाळतो. जेसीबीवाल्याला खालच्या अंगानं यायला सांगितलंय, त्याला एक फेरा जास्त पडेल, त्याचे पैसे मी देतो म्हणालो. कोवळ्या फड्या फुटल्या की सॅन अँटोनियोवाल्या दादांची भाजी करून बघणार आणि सकाळी सहा आणि दुपारी दोनची फडी पण चाखणार, पोरांना घेऊन.